अण्णांनी ‘कोसला’ वाचली तेव्हा...

एक साधा प्रयोग करून बघा. शनिवारची रात्र आहे, ग्रुप जमलाय, मॅच संपलीय, पिझ्झ्याचे शेवटचे दोन थंड तुकडे कोणी उचलत नाहीये आणि सगळे आपापल्या मोबाइलमध्ये घुसायच्या बेतात आहेत. अशा वेळी हळूच विचारा, “काय रे, नेमाडे वाचलेत का कोणी?”

बस्स! पुढचे दोन तास तुम्हाला काहीही करावं लागणार नाही.

गणपती संपल्यावरच्या शनिवारी मी हेच केलं. कर्वेनगरमधला आमचा टू बीएचके, आम्ही सात जण. त्यातल्या तिघांनी नेमाडे मनापासून वाचलेले, एकीने अर्ध्यावर सोडलेले, एकाने न वाचताच मत बनवलेलं आणि एक जण फोनवर गर्लफ्रेंडची समजूत काढण्यात बिझी. सातवी मी. रात्री साडेअकराला खालच्या काकांनी बेल वाजवून “जरा हळू” असं सांगितलं. मराठी कादंबरीवरून सोसायटीत तक्रार आली, म्हणजे बघा!

ज्यांना नेमाडे हे फक्त नाव म्हणून माहीत आहे, त्यांच्यासाठी एक क्विक रिकॅप. भालचंद्र नेमाडे मूळचे खानदेशातल्या सांगवीचे, जन्म १९३८चा. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकले. १९६३ मध्ये, म्हणजे ऐन पंचविशीत, त्यांची ‘कोसला’ आली. खेड्यातून पुण्याच्या कॉलेजात आलेला पांडुरंग सांगवीकर तिच्यात आपली गोष्ट स्वतःच सांगतो. होस्टेल, मित्र, वक्तृत्व मंडळाची सेक्रेटरीगिरी, नाटक बसवणं, मित्रांवर सढळ हाताने खर्च, मग पैशांची ओढाताण, परीक्षेत गटांगळ्या आणि शेवटी परत गाव. त्यानंतर १९७५ ते १९७९ या काळात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ अशा चार कादंबऱ्या आल्या. त्यांचा नायक चांगदेव पाटील, इंग्रजीचा प्राध्यापक. मग तब्बल ३१ वर्षं कादंबरीच नाही! २०१० मध्ये ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ आली आणि २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार नेमाडेंना मिळाला. मराठीत खांडेकर, कुसुमाग्रज आणि विंदा यांच्यानंतर ते चौथे.

आता आमच्या हॉलमध्ये परत या.

पहिली बॅटिंग अर्थातच भक्तमंडळाची. आमचा एक मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर आहे. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावातून इंजिनीअरिंगसाठी पुण्यात आला, तेव्हा होस्टेलमधल्या सीनियरने त्याला ‘कोसला’ दिली. “एका रात्रीत वाचली. मला वाटलं, माझाच बायोडेटा कोणीतरी माझ्या जन्माआधी छापून ठेवलाय,” तो म्हणतो. तेव्हापासून त्याची अकरा पारायणं झालीत. तुम्हीही असे लोक बघितले असतील. त्यांच्या बोलण्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ जरा जास्तच येतात, आणि समोरच्यानेही तसंच बोललं की दोघांची लगेच गट्टी जमते. एखाद्या सीक्रेट क्लबचा पासवर्डच जणू.

पण त्याचा एक मुद्दा मला सॉलिड पटला. तो म्हणाला, “आमच्या गावच्या वाचनालयात कपाटभर कादंबऱ्या होत्या. सगळ्या थोर माणसांच्या. कोणी पेशवा, कोणी महारथी. वाचून झालं की छाती फुगायची आणि दुसऱ्या दिवशी आरशात बघितलं की फुस्स. ‘कोसला’तला पोरगा मात्र नापास होतो रे! नापास झालेल्या पोरावर कोणी पुस्तक लिहितं, हेच मला माहीत नव्हतं.”

मी नंतर तारखा बघितल्या. माधवराव पेशव्यांवरची रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची आहे आणि ‘कोसला’ १९६३ ची. म्हणजे एका वर्षी मराठी वाचकाला कर्तबगार पेशवा मिळाला आणि पुढच्याच वर्षी बापाचे पैसे उडवणारा पांडुरंग! तेव्हाच्या वाचकांना काय शॉक बसला असेल, इमॅजिन करा. वाद इतके झाले, की पुढे ‘कोसलाबद्दल’ नावाचं आख्खं पुस्तकच निघालं.

मग आमच्या आर्किटेक्ट मैत्रिणीने टॉस जिंकल्यासारखा आवाज लावला. ही सदाशिव पेठेत वाढलेली, स्वतःची फर्म चालवणारी आणि कोणाचं ऐकून न घेणारी. तिने ‘कोसला’ साठाव्या पानावर सोडलीय आणि त्याचा तिला काडीचाही पश्चात्ताप नाही.

“एक मुलगा बापाच्या पैशांवर मजा करतो, मग त्याला सगळ्याचा कंटाळा येतो, आणि आपण त्याला ग्रेट म्हणायचं. ओके. आता पांडुरंगाच्या जागी एक मुलगी ठेवा. खेड्यातून पुण्यात आली, पैसे उडवले, नापास झाली, गावी परत गेली आणि बसलीय विचार करत. किती पानांची होईल कादंबरी? दहा! अकराव्या पानावर तिचं लग्न लावून टाकतील.”

हॉलमध्ये एकदम पिनड्रॉप. फोनवाल्यानेही गर्लफ्रेंडला “एक मिनिट हं” म्हटलं.

टेस्टर मित्राने हुकमाचा एक्का काढला. “तू मनीचा भाग वाचलास?”

मनी ही पांडुरंगची धाकटी बहीण. ती आजारात जाते. ‘कोसला’ वाचलेल्या कोणालाही विचारा, बाकी काही आठवो न आठवो, मनी आठवतेच. मी होस्टेलमध्ये तो भाग वाचला होता, तेव्हा खोलीचा दिवा घालवून पडून राहिले होते.

“नाही. तिथपर्यंत पोचलेच नाही.”

“मग तू ‘कोसला’ वाचलीच नाहीस.”

“असेल. पण बाईकडे त्याचं लक्ष जायला तिला मरावं लागतं, असंच ना?”

याला उत्तर कोणाकडेच नव्हतं. आजही माझ्याकडे नाही. मला मनीचा भाग मराठीत लिहिल्या गेलेल्या सर्वोत्तम पानांपैकी वाटतो आणि मैत्रिणीचा प्रश्नही बरोबर वाटतो. दोन्ही एकदम.

तिसरा होता आमचा प्राध्यापक मित्र. प्राध्यापक म्हणजे तासिका तत्त्वावर. जितके तास शिकवले तितक्याचे पैसे, आणि तेही कॉलेजला सवड होईल तेव्हा. दर जूनमध्ये नव्याने अर्ज, नव्याने इंटरव्ह्यू. गेल्या सहा वर्षांत त्याने चार गावं बदललीत. तो म्हणाला, “‘कोसला’ वगैरे कॉलेजच्या वयात ठीक आहे रे. नोकरी लागली की चांगदेव वाचायचा.”

‘बिढार’ म्हणजे पाठीवर घेऊन हिंडायचा संसार. चांगदेव एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात, एका गावातून दुसऱ्या गावात जात राहतो. संस्थेचं राजकारण, स्टाफरूममधले जातीजातींचे कंपू, भाड्याच्या खोल्या. “पन्नास वर्षांपूर्वीची पुस्तकं आहेत. पण आमच्या स्टाफरूममध्ये अजून हीच माणसं बसलीयत. फक्त त्यांच्या हातात स्मार्टफोन आलेत. वाचताना जाम हसू येतं आणि मग दुसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी बसून डबा खायचा असतो!” मला वाटतं, नेमाडेंच्या कादंबऱ्यांत सगळ्यात कमी गाजलेले पण सगळ्यात जास्त आपल्यासारख्या जॉब बदलणाऱ्या पब्लिकचे असे हे चार भाग आहेत. एकदा ट्राय कराच.

‘हिंदू’वरून माझ्या रूममेटची आणि टेस्टरची वेगळीच जुंपली. तिने ती विकत घेतली, एक वर्ष लावून संपवली आणि तिचं एका ओळीचं परीक्षण तयार होतं, “अडगळ दिसली, समृद्ध कधी होते त्याची वाट बघत होते.” यावर टेस्टर खवळला. त्याचं म्हणणं, ‘हिंदू’ ही थ्रिलरसारखी वाचायची गोष्टच नाही. गावाकडे रात्री लाइट गेल्यावर ओट्यावर माणसं बसतात, एकाच्या गोष्टीतून दुसऱ्याची गोष्ट निघते आणि मूळ मुद्दा काय होता ते कोणालाच आठवत नाही, तशी ती आहे. रोज वीस पानं वाचायची आणि झोपायचं. रूममेट म्हणाली, “ती झोप मात्र मस्त लागली.” इथेच खालच्या काकांची बेल वाजली.

आणि न वाचलेल्या मित्राचं मत? “ते इंग्रजी शाळांना नावं ठेवतात आणि स्वतः इंग्रजी शिकवायचे, तेच ना?” हो, तेच. नेमाडेंबद्दलची निम्मी मतं अशी भाषणांवरून आणि मुलाखतींवरून बनलेली असतात. माणूस आवडत नाही म्हणून पुस्तक उघडायचं नाही, हाही वाचकांचा एक प्रकारच आहे.

त्या रात्री सगळे गेल्यावर मी माझी ‘कोसला’ शोधून काढली. अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँड घेतलेली, कोणा अनोळखी माणसाने निळ्या पेनाने खुणा केलेली. पुन्हा वाचायला घेतली आणि दिवाळीत बार्शीला घरी जाताना सॅकमध्ये टाकली. घरी फराळ, झोप आणि आईच्या मागे लागून केलेली सफाई यात वाचन शून्य. भाऊबीज झाली, पुण्याची एसटी पकडली आणि पुस्तक घरीच राहिलं.

इथे मला एक कन्फेशन द्यायचंय. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली. सोडली म्हणजे, कंपनीने टीम निम्मी केली आणि मी निम्म्यात नव्हते. तेव्हापासून फ्रीलान्स. इथे कॉलम, तिथे ब्रोशर, कोणाच्या तरी कंपनीचं वार्षिक वृत्त. काम बरं मिळतं, पैसे मात्र ‘नेक्स्ट वीक’ मिळतात. घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. फोनवर “ऑफिस कसं आहे?” विचारलं की “मस्त!” म्हणायचे. मास कम्युनिकेशनच्या फीसाठी अण्णांनी काय काय केलंय ते मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

अण्णा आडत दुकानात दिवाणजी होते, ३४ वर्षं. तूर, ज्वारी, हरभरा आणि वह्या. वर्तमानपत्र सोडून त्यांनी काही वाचलेलं मी फारसं बघितलेलं नाही. ते स्वतःहून फोनही करत नाहीत. फोन आई करते आणि मागून अण्णांचा आवाज येतो, “बरंय म्हणावं ना?”

मागच्या पंधरवड्यात रात्री साडेनऊला त्यांचा फोन आला. माझ्या पोटात गोळाच आला.

“काय झालं अण्णा? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. अगं, ते पुस्तक वाचलं.”

“कोणतं?”

“ते, पोरगं पुण्याला शिकायला येतं ते.”

मी गॅलरीत गेले. “कसं वाटलं तुम्हाला?”

“चांगलंय. लिहिणारा लबाड नाही.” मग बराच वेळ काही नाही. “पण बापाला बोलूच दिलं नाही गं त्यानं.”

मला हसू आलं. मी त्यांना समजावून सांगायला लागले, की अण्णा, ती गोष्ट पांडुरंग सांगतोय, त्याच्या बाजूने आहे, तेच तर त्या कादंबरीचं...

“ते कळलं मला. पोरगं सांगतं तेवढाच बाप आपल्याला दिसतो. कंजूष आहे, तापट आहे. असंल. पण पैसे पाठवायचे म्हणून घरात काय काय मागं ठेवलं असंल, ते त्या पोराला कुठं माहितीय? त्याला माहिती नाही म्हणून पुस्तकात नाही.”

मी गप्प.

“त्यानं एकदा सरळ लिहायला पाहिजे होतं बापाला. इतके आले, इतके गेले, इथं चुकलं. बाप चिडला असता. चार दिवस चिडला असता. मग बसला असता दोघांचा हिशेब करत.”

“हं.”

“आणि तुझ्या त्या कागदावरची बेरीज चुकलीय. चारशे कमी धरलेत तू.”

कागद! पुस्तकात खूण म्हणून मी एक कागद घातला होता. एका बाजूला ‘येणं’, कोणत्या क्लायंटकडे किती महिन्यांचे किती अडकलेत. दुसऱ्या बाजूला ‘देणं’, दोन महिन्यांचं भाडं, रूममेटकडून घेतलेले उसने, मोबाइलचं बिल. चौतीस वर्षं वह्या लिहिलेल्या माणसाच्या हातात मी तो स्वतःच्या हाताने ठेवून आले होते.

त्या रात्री गॅलरीत उभं राहून मी त्यांना सगळं सांगितलं. नोकरी कधी गेली, किती मिळतात, किती बुडाले. अण्णा मध्ये मध्ये “हं” म्हणत होते आणि मला माहितीये, की पलीकडे ते पेन्सिलीने लिहून घेत होते. चिडले का? हो. नोकरी गेली म्हणून नाही, वर्षभर “मस्त” म्हणत राहिले म्हणून. चार दिवस आईच फोनवर बोलली.

त्या चार दिवसांत मी आमची शनिवारची मॅच मनात परत खेळले. भक्त, विरोधक, प्राध्यापक, ‘हिंदू’वरून भांडणारे, आम्ही सगळे एकमेकांच्या विरुद्ध बोलत होतो खरे. पण आम्ही सगळे एकाच बाकावर बसलो होतो, मुलांच्या बाकावर. पांडुरंग बरोबर की चूक, याच्यावर आम्ही दोन तास घालवले. त्याच्या बापाचं नाव एकदाही निघालं नाही. आर्किटेक्ट मैत्रिणीनेसुद्धा नाही, आणि तिला तर कोण दिसत नाही ते सगळ्यात आधी दिसतं.

आणि मग ‘हिंदू’ची सुरुवात आठवली. खंडेराव हा पुरातत्त्वाचा अभ्यासक मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो. तिकडे त्याचे वडील शेवटच्या आजारात असल्याचं कळतं आणि तो मोरगावला, घरी यायला निघतो. म्हणजे पंचविशीत बापाला वैतागलेल्या पोराची गोष्ट लिहिणाऱ्या लेखकाने पुढची मोठी कादंबरी सुरू केली ती वडिलांसाठी घराकडे निघालेल्या मुलापासून. मधे जवळपास सत्तेचाळीस वर्षं गेली. माझ्या रूममेटला त्यात अडगळ दिसते, ती चूक नाही. तीही सत्तावीस वर्षांची आहे. टेस्टर मित्राला तीच ‘कोसला’ अकरा वेळा वाचता येते, कारण अजून त्याच्या घरी कोणी ती वाचलेली नाही.

म्हणून सजेशन एवढंच, की नेमाडेंबद्दल ग्रुपमध्ये जरूर भांडा. मजा येते. पण आपली प्रत एकदा घरी विसरून या. मत ऐकायचं तर ज्याच्या पैशांवर आपण होस्टेलमध्ये ‘कोसला’ वाचली, त्याचंही ऐकायला काय हरकत आहे? फक्त आतले कागद आधी काढून घ्या. किंवा नका काढू.

हे सगळं मी आर्किटेक्ट मैत्रिणीला सांगितलं. तिचा डोळा जरा ओला झाला, पण ती तीच ना! म्हणाली, “छान. बापाची बाजू आली. आता काकूंनी वाचली का विचार.”

विचारलं. आईने वाचायला घेतली होती. दुपारी, अण्णा झोपल्यावर, रोज थोडी थोडी.

“मग? कुठपर्यंत आलीस?”

“ती मनी गेली नं,” आई म्हणाली, “त्याच्यापुढं वाचवेना. ठेवून दिलंय मिटून.”

पुस्तक अजून बार्शीलाच आहे. अण्णांनी पैसे हवेत का असं विचारलं नाही. दर महिन्याच्या पाच तारखेला येणं-देणं लिहून पाठवायला सांगितलंय, बेरीज करून. या महिन्याचं पाठवलं. बरोबर आली होती.